चार वेळा मेलेली आई

चित्रकाराने आपल्या आईला आजवर चार वेळा मारलं होतं, आणि चारही वेळा वाचकांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं.

मारलं होतं ते अर्थात कागदावर. तो एका साप्ताहिकात मांगा, म्हणजे जपानी धाटणीची चित्रकथा, काढायचा. गोष्ट म्हणजे अगदीच काही नाही. भाड्याच्या खोल्यांचं एक घर, त्यात राहायला आलेला एक बावळट मुलगा, आणि शेजारच्या खोल्यांतल्या पाच मुली. या पाचही जणी त्या बावळटाच्या प्रेमात होत्या. का, ते चित्रकारालाही सांगता आलं नसतं. दर आठवड्याला मुलगा कशावरून तरी घसरायचा, साबणावरून, जिन्यावरून, मांजराच्या शेपटीवरून, आणि नको त्या वेळी नको तिच्या अंगावर पडून थोबाडीत खायचा. एवढ्या भांडवलावर चित्रकाराने वर्षानुवर्षं पोट भरलं होतं. त्याने स्वतः चाळिशी ओलांडली होती, लग्नाचा पत्ता नव्हता, आणि त्याला आजवर एकाही बाईने थोबाडीत मारली नव्हती. त्यासाठी ती आधी हाताच्या अंतरावर यावी लागते.

पण वाचक नुसते घसरून पडण्यावर किती दिवस हसणार? खप उतरायला लागला की संपादकबाईंचा फोन यायचा. "एक रडका भाग होऊन जाऊ दे." मग एखाद्या मुलीचा भूतकाळ उघडायचा, आणि त्यात एक आई मरायची. मुलींपैकी जिला सगळे मॉनिटर म्हणत तिची आई परीक्षेच्या दिवशी गेली. गाणारीची आई दीर्घ आजाराने गेली. रुसूबाईची तिला जन्म देतानाच गेली. कराटेवालीची आई तिच्यासाठी बक्षीस आणायला बाहेर पडली आणि गाडीखाली आली. प्रत्येक वेळी खप टुणकन वर. गंमत अशी, की चौघींच्या आया दिसायला एकच होत्या. तोच अंबाडा, अंबाड्यात खोचलेली तीच पेन्सिल, हनुवटीवर तोच तीळ. चित्रकाराला मुली पाच तऱ्हेच्या जमायच्या, आई मात्र एकच काढता यायची.

ती आई त्याच इमारतीत, एक मजला खाली राहत होती. सत्तरी उलटली तरी तिचा अंबाडा आणि पेन्सिल जागच्या जागी होती. अंक बाजारात आला की ती स्वतः जाऊन आणायची आणि वाचून झाल्यावर वर फोन करायची. "मेले का रे मी परत?" एवढंच विचारायची आणि हसायची. चित्रकार म्हणायचा, "अगं, ती तू नाहीस." मग दोघंही फोन ठेवायचे.

आता उरली होती पाचवी, शिडी. ती इतकी उंच की प्रत्येक दाराच्या चौकटीला तिचं डोकं आपटायचं, आणि आपटलं की तीच सगळ्यात आधी हसायची. वाचक दर अंकाला आवडत्या मुलीला आणि भागाला मतं पाठवायचे, त्यात ती कायम शेवटी. पण आईची ती लाडकी होती. "त्या घरात शहाणी तेवढी ती एकटी," असं आईचं मत. संपादकबाईंनी फोन करून शिडीचा भूतकाळ मागितला, तेव्हा चित्रकाराने नेहमीसारखं "बरं" म्हटलं आणि नकाशेकाकांना सांगून टाकलं, दवाखाना काढायला घ्या.

नकाशेकाका म्हणजे त्याचे मदतनीस. आयुष्यभर बांधकाम कचेरीत घरांचे आराखडे काढून निवृत्त झालेले. घरी बसून काय करायचं म्हणून या मालिकेतल्या भिंती, खिडक्या, जिने काढायला यायचे. न्हाणीघराचा प्रसंग आला की मान वळवून फक्त फरश्या काढायचे. एकदा त्यांनी अगदी कळवळून विचारलं होतं, "या मुली कडी का लावत नाहीत हो?" कडी लावली असती तर दोघांचाही रोजगार गेला असता.

"परत दवाखाना?" काका म्हणाले. "आता तो व्हरांडा मी डोळे मिटून काढतो. पलंग त्याच जागी?"

"त्याच जागी."

संपादकबाईंशी भेट दुपारची ठरली होती. सकाळी चित्रकार केस कापून घ्यायला आईकडे उतरला. त्याचे केस लहानपणापासून आईच कापायची. गॅलरीत खुर्ची, खाली रद्दी, गळ्यात जुनी चादर आणि मागे कात्री घेतलेली आई. न्हाव्याकडे न जाण्याचं कारण तो काटकसर असं सांगायचा. खरं कारण हे की न्हावी गप्पा मारतो, आणि त्याला गप्पांत काय बोलायचं ते सुचत नाही.

उजवी बाजू कापून झाली तेव्हा आईने विचारलं, "शिडीच्या आईचं काय करणारेस?"

"अजून ठरलं नाही."

"म्हणजे मरणार."

"आई, लोकांना तेच लागतं. आणि मला ते काढता येतं. तू दवाखान्यात होतीस तेव्हा मी सात वर्षांचा होतो. ते दुःख कुठेतरी खोल माझ्या आत आहे."

हे शेवटचं वाक्य त्याने एका मुलाखतीत म्हटलं होतं. तिथे ते चांगलं गाजलं होतं, म्हणून आत्ताही सफाईने बाहेर पडलं.

कात्रीचा आवाज थांबला. "कुठला दवाखाना?"

"तोच गं. त्या हिवाळ्यात तू आजारी होतीस तो. मी रोज तुझ्यासाठी चित्रं काढायचो आणि बाबा ती दवाखान्यात नेऊन द्यायचे."

"मी कुठे आजारी होते?" आई म्हणाली. "मी गेले होते."

"गेले होते म्हणजे?"

"घर सोडून गेले होते. समुद्रावरच्या एका हॉटेलात, लाँड्रीत कामाला. अरे, तुला यांनी सांगितलं नाही?"

'यांना' जाऊन आता बरीच वर्षं झाली होती, आणि हयातीतही त्यांनी हवामान सोडून फारसं काही कुणाला सांगितलं नव्हतं. चित्रकार खुर्चीतल्या खुर्चीत वळला. आईच्या चेहऱ्यावर अपराधी भाव वगैरे काही नव्हता. ती खरोखर चकित झाली होती.

"मला वाटलं तुला केव्हाच कळलंय," ती म्हणाली. "म्हणून तर तू मला सारखी मारतोस, असं धरून चालले मी. म्हटलं, राग आहे पोराच्या मनात, काढू दे. कागदावरच काढतोय ना."

चित्रकाराने तोंड उघडलं. इतक्या वर्षांत इतक्या मुलींच्या तोंडी त्याने अशा वेळची हृदय पिळवटणारी वाक्यं घातली होती. त्यातलं एकही वेळेवर कामाला आलं नाही. "का गेलीस?" एवढंच त्याला जमलं.

"कंटाळा आला होता."

"कंटाळा?"

"हो. फार."

तो उठला आणि दाराबाहेर पडला. मागून आई म्हणाली, "अरे, डावी बाजू राहिलीये." पण तो जिना उतरत होता.

रस्त्यावर आल्यावर त्याच्या लक्षात आलं, गळ्यात अजून चादर आहे. ती त्याने काढून काखेत मारली. मालिकेत असा प्रसंग आला की तो आभाळ भरून आणायचा, रस्ता निर्मनुष्य करायचा, फारतर एक वाळकं पान उडवायचा. इथे स्वच्छ ऊन पडलं होतं आणि फुटपाथवर माणसंच माणसं. प्रत्येक जण त्याच्या डोक्याकडे बघून नजर फिरवत होता. त्याला मनापासून रडायचं होतं. त्यासाठी तो एका बागेतल्या बाकावर जाऊनही बसला. पण कापलेले केस कॉलरच्या आत गेले होते आणि ते टोचत होते. डोळ्यांत जरा पाणी जमतंय म्हणेपर्यंत पाठीला अशी खाज सुटायची की सगळं मुसळ केरात. आपल्या आयुष्याचा पायाच हलला आहे हे त्याला पटत होतं, पण त्या जाणिवेत दोन मिनिटं सलग राहता येत नव्हतं. शेवटी बाकाच्या कडेला पाठ घासून त्याने दुःखाचा नाद सोडला आणि संपादकबाईंकडे गेला.

संपादकबाईंनी त्याच्या डोक्याकडे एकदा पाहिलं आणि काही विचारलं नाही. कलावंतांशी वागून वागून त्यांना कशाचंच आश्चर्य वाटेनासं झालं होतं. सदा तोंडात पेपरमिंट, आणि त्याच्या विनोदांना त्या आजवर एकदाही हसलेल्या नाहीत. त्याने बसल्या बसल्या सगळं सांगून टाकलं. हिवाळा, दवाखान्याची थाप, रोजची चित्रं, हॉटेल, लाँड्री. बाईंनी पेपरमिंट एका गालातून दुसऱ्या गालात नेली.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "फक्त कंटाळा काढा. कंटाळ्याला कुणी रडत नाही. आईला खरोखरचा आजार द्या. समुद्राच्या हवेसाठी पाठवा. मुलगी चित्रं पाठवते, आई ती उशाशी ठेवते, आणि शेवटचं चित्र पोचायच्या आत जाते."

ज्याने तासाभरापूर्वी बाकाला पाठ घासत आयुष्याचा हिशेब मांडला होता, तो माणूस यावर म्हणाला, "बरं."

घरी येताना त्याने एक टोपी विकत घेतली. पुढचे काही दिवस तो टोपीतच वावरला, आणि खालच्या मजल्यावरून जाताना पाय न वाजवता जायला शिकला. आईनेही फोन केला नाही. काकांनी व्हरांडा काढला, खिडकी काढली, खिडकीत समुद्र काढला, पलंग काढला. पलंगावर आई काढणं एवढंच चित्रकाराचं काम, आणि ते तर तो झोपेतही करायचा. अंबाडा, पेन्सिल, तीळ, डोळ्यांखाली दोन रेघा की झाली आई मरायला तयार.

या वेळी ती मरेना. दोन रेघा ओढल्या तरी ती उशीवरून टुकटुकीत डोळ्यांनी बघायची, आणि आता कुठल्याही क्षणी 'कुठला दवाखाना?' म्हणून विचारेल असं वाटायचं. गाल बसवले तर ती कुणी दुसरीच बाई व्हायची. डोळे मिटवले तर हसू दाबून पडल्यासारखी दिसायची. त्याने कागदावर कागद फाडले.

"पलंग ठेवू का पुसू, ते एकदा ठरवा," काका म्हणाले. "म्हणजे मला घरी जाता येईल."

"पुसा," चित्रकार म्हणाला, आणि टोपी काढून खाली गेला.

आईने दार उघडलं, त्याचं डोकं पाहिलं आणि खुर्ची गॅलरीत नेऊन ठेवली. तो बसला. चादर मात्र कुठेतरी हरवली होती, म्हणून तिने टॉवेल गुंडाळला. कात्री डाव्या कानापाशी आली. मग तो म्हणाला, "तिथे इस्त्री कसली होती?"

बोलून झाल्यावर त्याला जाणवलं, आपण आईला तिच्याबद्दल असा प्रश्न पहिल्यांदाच विचारतोय. पाच मुलींच्या मनाचा ठाव घेणारा लेखक म्हणून लोक त्याला पत्रं लिहायचे.

"इस्त्री नाही, रूळ होते," आई म्हणाली. "हे एवढे मोठे, गरम. एका बाजूने ओली चादर घालायची, दुसऱ्या बाजूने कडक होऊन यायची. मग दोघींनी दोन टोकं धरायची, जवळ यायचं, लांब जायचं. दिवसभर तेच. नाचल्यासारखं वाटायचं. आम्ही चौघी एका खोलीत राहायचो. एक होती, कायम लाल मोजे घालायची. ती मॅनेजरची नक्कल करायची. इतकी हसायचो आम्ही, की खालून काठी आपटायचे."

"आणि इथे?"

आईने कंगवा फिरवला. "तुझे बाबा वाईट नव्हते. दारू नाही, आवाज चढवणं नाही. पेपर उघडून जेवायचे, बस्स. एकदा मी त्यांना एक विनोद सांगितला. ते म्हणाले, हं. दुसऱ्या दिवशी मुद्दाम तोच सांगितला. हं. तिसऱ्या दिवशीही तोच. हं. त्यांना कळलंही नाही की तोच आहे. मग मी बॅग भरली."

"विनोद कुठला?"

"नाही सांगणार. तू मालिकेत घालशील."

हा आरोप खोटा नव्हता. मग त्याने जो प्रश्न इतके दिवस टोपीखाली दाबून ठेवला होता तो विचारला. "आणि मी?"

आईने त्याचा कान बोटाने दुमडून मागचे केस नीट कापले, आणि मग म्हणाली, "तुझ्यासाठी जीव तुटायचा. आणि सकाळी उठल्यावर हलकंही वाटायचं. दोन्ही खरं आहे. तुला पाहिजे ते काढ."

तो टॉवेलवर पडलेले केस एकेक करून उचलायला लागला.

"आणि चित्रं यायची ना तुझी," ती म्हणाली. "तुझे बाबा पोस्टाने पाठवायचे. सोबत एक ओळ नाही लिहायचे, पाकिटात नुसतं चित्र. मी आपली पलंगावर, डोक्याला पट्टी, तोंडात थर्मामीटर. आणि तू बाजूला कशावरून तरी घसरून पडतोयस. मला काही कळेना, याने मला आजारी का काढलंय. मी ती रुळाच्या वरच्या भिंतीवर लावली. बाया हसून हसून लोळायच्या."

म्हणजे त्याचे पहिले वाचक लाँड्रीतले होते. चित्रकाराची छाती उगाचच फुगली. "आणि ती बघून तू परत आलीस."

"छे," आई म्हणाली. "सीझन संपला, हॉटेल बंद झालं, म्हणून आले. उगाच भाव खाऊ नकोस." तिने त्याच्या मानेवरचे केस फुंकून उडवले. "शेजारच्या हॉटेलात जागा होती म्हणा. ते वर्षभर चालू असायचं."

एवढं बोलून ती टॉवेल झटकायला लागली. तो वळून तिच्याकडे बघत राहिला.

"बाबा काय म्हणाले, तू आलीस तेव्हा?"

"काही नाही. बॅग घेतली माझ्या हातातली. जेवायला बसलो तेव्हा पेपर बाजूला ठेवला आणि म्हणाले, तो विनोद परत सांग."

"मग?"

"सांगितला. हसले नाहीत. पण ऐकला."

चित्रकार वर आला आणि कामाला लागला. या वेळी काकांनी रूळ काढले, वाफ काढली, कपड्यांच्या गाड्या काढल्या, आणि कधी नव्हे ते खुशीत काढल्या. शिडीची आई कंटाळून घर सोडते. चादरीची टोकं धरून पुढे मागे होते, खो खो हसते. घरी छोटी शिडी दवाखान्यातल्या आईची चित्रं काढते. एक न बोलणारे वडील पोस्टाच्या खिडकीशी उभे राहून पाकीट चिकटवतात. मग एक दिवस आई बॅग घेऊन दारात येते, मुलगी विचारते, "बरी झालीस?" आणि आई क्षणभर विचार करून म्हणते, "हो." हे सगळं शिडी त्या बावळट मुलाला जिन्यात बसून सांगते. तो तिला धीर द्यायला उठतो आणि घसरून तळमजल्यापर्यंत जातो. ती आधी हसते. रडते ती नंतर, तो खाली कण्हत असताना, त्याला दिसणार नाही अशा बेताने.

संपादकबाईंनी पानं पाहिली. "आई परत येते? मग वाचक रडणार कशाला?"

यावर सांगायला चित्रकाराने घरी चांगलं लांबलचक भाषण तयार केलं होतं. त्यात कला होती, सत्य होतं, एक दोन ठिकाणी आवाजही चढवायचा होता. प्रत्यक्षात तो म्हणाला, "नाही रडले तर राहू दे." बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. छपाईची वेळ टळत आली होती आणि दुसरा भाग हाताशी नव्हता. केवळ त्या कारणाने तो भाग छापून आला. चित्रकाराने पुढे बऱ्याच जणांना सांगितलं की आपण ठाम राहिलो. काकांसमोर मात्र हे सांगायचं तो टाळायचा.

खप उतरला. मतांमध्ये तो भाग कुठल्या कुठे खाली गेला. एका गृहस्थांनी लांब पत्र लिहून कळवलं की कंटाळा हे आईने घर सोडण्याचं कारण होऊच शकत नाही, आणि आईने निदान माफी तरी मागायला हवी होती. काही जणांनी जिन्यावरून पडण्याचा प्रसंग आवडल्याचं लिहिलं. एका बाईंनी एवढंच लिहिलं, की आमचीही आई अशी गेली होती, ती मात्र आली नाही. चित्रकाराने त्यांना शिडीचं एक चित्र काढून पाठवलं, चौकटीला डोकं आपटतानाचं, आणि पाठवल्यावर हे बरोबर केलं का म्हणून आठवडाभर घोर लावून घेतला. पुढच्या अंकात संपादकबाईंच्या सांगण्यावरून साबण आणि न्हाणीघर परत आलं. काका मान वळवून फरश्या काढू लागले.

मालिका वर्षभराने संपली. बावळट मुलाने शेवटी मॉनिटरशी लग्न केलं, कारण तसं पहिल्यापासून ठरलेलं होतं. आई यावर कितीतरी दिवस चित्रकाराशी नीट बोलत नव्हती.

पण शिडीचा तो अंक आला त्या दिवशी तिने फोन केला नव्हता. ती स्वतः जिना चढून वर आली होती. दम लागला म्हणून काकांच्या खुर्चीत बसली आणि चष्मा लावून, पहिल्या पानापासून, त्याच्यादेखत तिने तो परत वाचला. जिन्यावरून पडण्याच्या जागी मोठ्याने हसली. लाल मोजे रंगीत छापायला हवे होते म्हणाली. मग पानं मागे उलटून एका चौकटीवर थांबली. पोस्टाची खिडकी, आणि खिडकीशी वाकून पाकिटाला तिकीट लावणारे वडील. चित्रकाराने ती चौकट कशी काढली ते त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. असं काही त्याने कधी बघितलं नव्हतं.

"असेच उभे राहत असतील?" आईने विचारलं.

"मला काय माहीत. मी आपलं काढलं."

काका उगाचच पेन्सिलींना टोकं करत होते. मग तिने त्या चित्रावर बोट ठेवलं.

"कॉलर चुकलीये," ती म्हणाली. "घराबाहेर पडताना ते वरचं बटण लावायचे. कितीही उकडत असलं तरी."

मालिका पुढे पुस्तकरूपाने आली तेव्हा प्रकाशकाने दुरुस्त्या विचारल्या. चित्रकाराने एवढी एकच सांगितली. पुस्तकात ते बटण लावलेलं आहे.